पहिला कॉलम बोलतो का? रिझर्व्ह मॉडेल निवडीच्या नोंदी

३ जून

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. मागच्या वेळी एक फॅक्टर (आकडा पुढे नेणारा गुणक) हाताने बदलला होता, तो का बदलला ते सहा महिन्यांनी मलाच आठवेना, आणि ऑडिटवाल्यांसमोर "जजमेंट" म्हणून वेळ मारून न्यावी लागली. परत ती वेळ नको.

काम असं की लायबिलिटी पोर्टफोलिओच्या रिझर्व्हसाठी मॉडेल नव्याने ठरवायचंय. म्हणजे अपघात घडून गेलेत, पण क्लेम अजून पूर्ण आलेले नाहीत किंवा आलेत पण मिटलेले नाहीत, त्यासाठी आज किती पैसे बाजूला ठेवायचे. सध्या चेन लॅडर आहे, म्हणजे जुन्या वर्षांचे क्लेम वर्षागणिक किती पटीने वाढले ते बघून नवी वर्षं तशीच गुणून पुढे न्यायची पद्धत, तोही एका जुन्या एक्सेलमधे, ज्यात कुठल्या सेलवर कोणी काय टाइप करून ठेवलंय ते देवालाच माहीत. बॉसचं म्हणणं दोनच वाक्यांचं: "मला एक आकडा नको, त्याच्याभोवतीची रेंज पण हवी. आणि हेच मॉडेल का घेतलं ते एका पानात सांगता आलं पाहिजे." रेंजची मागणी हौसेपोटी नाहीये, आयएफआरएस १७ हे विम्याचं आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग स्टँडर्ड आल्यापासून रिस्क ॲडजस्टमेंट, म्हणजे अनिश्चिततेपोटी ठेवलेली जादा रक्कम, कुठल्या कॉन्फिडन्स लेव्हलची ते जाहीर करावं लागतं, आणि एक्सेलमधला चेन लॅडर याबाबतीत मूग गिळून बसतो.

उमेदवार: चेन लॅडर मॅकच्या स्टँडर्ड एररसकट (आकडा किती चुकू शकतो त्याचं माप), ओव्हर-डिस्पर्स्ड पॉइसन (व्हेरियन्स सरासरीच्या प्रमाणात धरणारं संख्याशास्त्रीय मॉडेल) आणि त्याचा बूटस्ट्रॅप (डेटा पुन्हा पुन्हा पिसून रेंज काढणं), लॉगनॉर्मल, बोर्नह्यूटर-फर्ग्युसन (थोडक्यात बीएफ), केप कॉड, आणि एका ज्युनिअरच्या आग्रहाखातर क्लेम लेव्हलचं मशीन लर्निंग.

५ जून

स्वतःच्या डेटाला हात लावायच्या आधी सगळी स्क्रिप्ट प्रसिद्ध ट्रायँगलवर चालवून घेतोय. ट्रायँगल म्हणजे ओळींत अपघात वर्षं, कॉलममधे त्यानंतरची वर्षं, आणि अजून न घडलेला खालचा उजवा भाग रिकामा. उत्तर माहीत असलेलं गणित आधी सुटलं पाहिजे, मग आपलं.

पहिला टेलर-ॲशचा, १९८३ मधला, दहा बाय दहा, जो या विषयातल्या जवळपास प्रत्येक पेपरमधे सापडतो. चेन लॅडरचा रिझर्व्ह १,८६,८०,८५६ यायला पाहिजे. माझा पहिल्या फटक्यात भलताच आला. तासभर फॉर्म्युले तपासले आणि मग कळलं की इन्क्रिमेंटल (त्या-त्या वर्षाची भर) ट्रायँगल क्युम्युलेटिव्ह (आतापर्यंतची बेरीज) समजून भरलाय. इतकी वर्षं हेच काम करतोय तरी हे होतं! आता स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच चेक टाकलाय, बहुतेक ओळी उजवीकडे जाताना घटत असतील तर थांब आणि विचार.

दुरुस्तीनंतर १,८६,८०,८५६ बरोब्बर. मॅकची स्टँडर्ड एरर २४,४७,०९५, म्हणजे रिझर्व्हच्या १३ टक्के. ओव्हर-डिस्पर्स्ड पॉइसनचा रिझर्व्ह शेवटच्या आकड्यापर्यंत तोच, पण त्याची प्रेडिक्शन एरर साधारण १६ टक्के. आकडा एकच आणि रेंज दोन, हे ज्युनिअरला पटवायला वेळ लागला. पॉइसनच्या जीएलएममधे (रिग्रेशनचाच विस्तारित प्रकार) ओळींचे आणि कॉलमचे इफेक्ट टाकले की फिट आपोआप चेन लॅडरचाच येतो, फरक असतो तो व्हेरियन्सबद्दल काय मानलंय त्यात. मॅक म्हणतो पुढच्या पायरीचं व्हेरियन्स आत्ताच्या क्युम्युलेटिव्हच्या प्रमाणात, पॉइसनवाला म्हणतो प्रत्येक सेलचं व्हेरियन्स त्या सेलच्या स्वतःच्या अपेक्षित आकड्याच्या प्रमाणात. मॅकचा पेपर १९९३ चा, आणि त्यातली खरी गंमत ही की तो कुठलंच डिस्ट्रिब्यूशन मानत नाही. त्यामुळे ७५ वा पर्सेंटाइल हवा असेल तर वरून लॉगनॉर्मल वगैरे काहीतरी आपणच चिकटवायचं.

६ जून

दुसरा ट्रायँगल आरएए नावाने ओळखला जातो, अमेरिकेतल्या रीइन्शुरन्सच्या जनरल लायबिलिटीचा, अपघात वर्षं १९८१ ते १९९०, आकडे हजार डॉलरमधे. आमच्या पोर्टफोलिओच्या स्वभावाला हा जास्त जवळचा, म्हणजे हळू चालणारा आणि लहरी. चेन लॅडर ५२,१३५, मॅक स्टँडर्ड एरर २६,९०९. ५२ टक्के! टेलर-ॲशचे १३ बघून जी हवा डोक्यात गेली होती ती इथे उतरली. एकट्या १९९० वर्षाचा रिझर्व्ह १६,३३९ आणि त्याची एरर २४,५६६, म्हणजे एरर रिझर्व्हच्या दीडपट. असा आकडा रिपोर्टमधे छापणं आणि "काही कल्पना नाही" असं छापणं यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. १९८२ ची ओळ १०६ ने सुरू होते आणि पुढच्या वर्षी ४,२८५. चाळीसपट. शेजारी १९८४ बघा, ५,६५५ वरून ११,५५५, जेमतेम दुप्पट. पहिल्या ते दुसऱ्या वर्षाच्या नऊ रेशोंची साधी सरासरी ८.२०६ येते आणि वजन देऊन काढली तर २.९९९. वजन दिलेल्या सरासरीत १०६ चा वाटा अर्धा टक्का, तरीही १९८२ वगळलं की फॅक्टर २.९९९ वरून २.८१७ वर उतरतो आणि १९९० चा रिझर्व्ह साधारण १,१२० ने कमी होतो. एका जुन्या वर्षाच्या पहिल्या सेलमधल्या १०६ या चिमुकल्या आकड्यावर आजचा रिझर्व्ह हलतोय.

लॉगनॉर्मल इथेच बाद. १९८२ ची ओळ पुढे १५,५९९ वरून १५,४९६ वर येते, म्हणजे इन्क्रिमेंट उणे १०३, आणि उण्याचा लॉग निघत नाही. "त्या सेलमधे १ टाकूया" हा उपाय मी लोकांना करताना बघितलाय आणि पूर्वी स्वतःही केलाय. वाईट उपाय, लॉगच्या जगात १ हा इतका खोल खड्डा असतो की सगळा कॉलम त्यात सरकतो. पॉइसनचं तयार जीएलएम फंक्शनही निगेटिव्ह आकडा दिसला की एरर देऊन बंद पडतं, पण चेन लॅडर करून त्यावरून फिटेड (मॉडेलने बसवलेले) आकडे मागे मोजत आणले तर चालतं, कारण त्या अख्ख्या कॉलमची बेरीज पॉझिटिव्ह आहे.

१० जून

आजचा दिवस कागद-पेन्सिलीवर गेला आणि मला वाटतं या प्रकल्पातला सगळ्यात कामाचा दिवस हाच.

चेन लॅडरच्या पोटातलं गृहीतक असं की पुढच्या वर्षी येणारी भर आत्तापर्यंतच्या जमेच्या प्रमाणात असते. जास्त आलंय तर जास्त येणार, कमी आलंय तर कमी. हे आपण इतक्या वेळा केलेलं असतं की तपासायचं सुचतच नाही. तर आरएएचा पहिला कॉलम आडव्या अक्षावर आणि दुसरा क्युम्युलेटिव्ह कॉलम उभ्यावर घेऊन नऊ ठिपके काढले. चेन लॅडरची रेष शून्यातून निघून २.९९९ च्या चढाने वर जाते. ठिपक्यांमधून साधी रिग्रेशन रेष काढली तर ती उभ्या अक्षाला ५,१०० च्या आसपास छेदते आणि चढ फक्त ०.८९. चढ एकपेक्षा कमी म्हणजे दुसऱ्या वर्षाची भर पहिल्या वर्षावर अवलंबूनच नाही, असलीच तर किंचित उलट. कोरिलेशन उणे ०.१२. सोप्या भाषेत, पहिल्या वर्षी काहीही येवो, दुसऱ्या वर्षी साधारण पाच हजारांची भर पडते.

मग सहज म्हणून टेलर-ॲशवर तेच केलं. ज्या ट्रायँगलवर जग चेन लॅडर शिकतं तिथे पहिला कॉलम आणि दुसऱ्या वर्षाची भर यांचं कोरिलेशन उणे ०.६६! दोनदा मोजलं, विश्वास बसेना. पहिल्या वर्षी ४,४३,१६० दिलेल्या वर्षात पुढची भर ६,९३,१९०, आणि पहिल्या वर्षी फक्त ३,१०,६०८ दिलेल्या वर्षात ११,०८,२५०. तिथे आकडे पेमेंटचे आहेत, तेव्हा लवकर दिलं की नंतर द्यायचं कमी उरतं असा सरळ अर्थ लागू शकतो. पण चेन लॅडर मात्र लवकर दिलेल्या वर्षाला ३.४९ ने गुणून वर शिक्षा करतो.

नऊ ठिपके म्हणजे काही फार नाहीत आणि उणे ०.१२ हा तर शून्यच समजायचा, हे मान्य. पण म्हणजे पुरावा चेन लॅडरच्या बाजूने आहे असंही नाही ना. पहिला कॉलम पुढचं काही सांगत नसेल तर त्याला ८.९२ ने (सगळे फॅक्टर एकमेकांशी गुणून आलेला आकडा) गुणायचं कशासाठी? आरएएत १९९० चं अल्टिमेट (शेवटी होणारी एकूण रक्कम) तसंच बनलंय, २,०६३ गुणिले ८.९२ बरोबर १८,४०२. शेवटच्या आठवड्यात १०० चा एक क्लेम इकडेतिकडे झाला तर अल्टिमेटमधे ८९२ चा फरक, आणि क्लेम एन्ट्री करणाऱ्या माणसाला त्याची खबरही नाही.

११ जून

बोर्नह्यूटर आणि फर्ग्युसन, १९७२. दोघांचंही पहिलं नाव रोनाल्ड, हे मला दर वेळी उगीच आठवतं. त्यांचा उपाय नेमका कालच्या दुखण्यावरचा. उरलेल्या भागासाठी आत्ताच्या जमेकडे बघायचंच नाही, प्रीमियम आणि आधीपासून धरलेला लॉस रेशो (प्रीमियमच्या प्रमाणात क्लेम किती) यांचा गुणाकार करायचा आणि त्यातला जेवढा टक्का अजून यायचाय तेवढा ठेवायचा. चेन लॅडर आणि हा धरलेला अंदाज यांचं मिश्रण म्हणूनही ते लिहिता येतं, चेन लॅडरला वजन किती तर जेवढं डेव्हलप झालंय तेवढं. आरएएच्या १९९० वर्षात हे वजन ११.२ टक्के पडलं असतं. रास्त वाटतं.

अडचण एकच, तो लॉस रेशो कोण ठरवणार. प्रायसिंगवाल्यांना विचारलं की ते प्लॅनमधला आकडा देतात आणि प्लॅनमधला लॉस रेशो नेहमीच सुंदर असतो. केप कॉडमधे तो रेशो ट्रायँगलमधूनच निघतो, सगळ्या वर्षांचे आलेले क्लेम भागिले "वापरलेलं" प्रीमियम, म्हणजे प्रीमियम गुणिले डेव्हलप झालेला टक्का. मला हाच आवडतो कारण मीटिंगमधे कोणाशी घासाघीस करावी लागत नाही. फक्त जुन्या वर्षांचं प्रीमियम आजच्या दराला आणून घ्यायला हवं, नाहीतर दर वाढवलेल्या आणि न वाढवलेल्या वर्षांची खिचडी होते.

१३ जून

मागे जाऊन परीक्षा घ्यायची पद्धत ठरवली. शेवटचा डायगोनल (ट्रायँगलची तिरकी कड, म्हणजे सगळ्यात अलीकडचं कॅलेंडर वर्ष) झाकायचा, उरलेल्या ट्रायँगलवर मॉडेल चालवायचं आणि झाकलेला डायगोनल ओळखायला लावायचा. ट्रायँगलच्या आतला फिट कितीही देखणा असला तरी त्याचा भरवसा नाही, दहा बाय दहामधे ५५ सेल आणि १९ पॅरामीटर, म्हणजे जवळजवळ तीन सेलमागे एक पॅरामीटर. एवढे पॅरामीटर दिले की काहीही फिट होतं.

आरएएवर दोनच स्पर्धक, कारण त्या डेटात प्रीमियम नाही. एक चेन लॅडर आणि दुसरं अगदी बाळबोध, कॉलममधल्या भरींची साधी सरासरी. आठ अपघात वर्षांची, १९८२ ते १९८९, पुढची भर ओळखायची होती.

प्रत्यक्षात एकूण १५,०५९ आले. चेन लॅडरने २२,३६१ सांगितले, बाळबोध सरासरीने २०,०३५. दोघेही वरच, पण ओळीओळीतल्या चुका चिन्ह सोडून बेरजेला घेतल्या तर चेन लॅडरच्या १४,०३६ आणि बाळबोधाच्या १०,१९१. सगळ्यात मोठी थप्पड १९८९ ला, चेन लॅडर म्हणाला ६,९३५ येतील, सरासरी म्हणाली ५,१७३, आणि आले २,२६२. का ते परवाच्या कागदावर लिहिलेलंच होतं. १९८९ चा पहिला आकडा ३,१३३ म्हणजे बऱ्यापैकी मोठा, तो ३.२१ ने गुणला गेला, आणि पहिला कॉलम तर पुढचं काही सांगतच नाही.

आता गंमत. हेच बाळबोध मॉडेल पूर्ण ट्रायँगलवर लावलं तर एकूण रिझर्व्ह ५९,०२३ येतो, चेन लॅडरच्या ५२,१३५ पेक्षा जवळजवळ सात हजारांनी जास्त. झाकलेल्या डायगोनलवर कमी सांगणारं मॉडेल एकूणात जास्त सांगतं! डोकं खाजवलं. कारण शेवटच्या काही वर्षांच्या ओळी लहान आहेत, चेन लॅडर म्हणतो लहान आहेत तर लहानच राहतील, सरासरी म्हणते सगळ्यांना सारखंच मिळणार. दोघांतलं कोण बरोबर ते व्यवसाय खरंच लहान झाला होता का यावर ठरतं, आणि ते फक्त प्रीमियम सांगू शकतं. ट्रायँगलकडे टक लावून बसून उपयोग नाही.

ज्युनिअर म्हणाला, "सर मग एका डायगोनलवरून आपण काय सिद्ध केलं?" काही नाही. आठ आकडे आहेत ते. आपल्या डेटावर चार-पाच डायगोनल मागे जाऊ तेव्हा बोलू.

१९ जून

आपला डेटा हातात. बारा अपघात वर्षं, पेड (दिलेले पैसे) आणि इन्कर्ड (दिलेले अधिक चालू क्लेमसाठी धरलेले) दोन्ही. तीन दिवस साफसफाईतच गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, रीओपन झालेले क्लेम दोनदा मोजले जात होते एवढंच.

२४ जून

पेड ट्रायँगलचे रेसिड्युअल, म्हणजे खरा आकडा आणि मॉडेलचा आकडा यांतले फरक, कॅलेंडर वर्षाप्रमाणे मांडले. अपघात वर्षाप्रमाणे ठीक, डेव्हलपमेंट वर्षाप्रमाणे ठीक, पण शेवटच्या दोन कॅलेंडर वर्षांतले जवळपास सगळे ठिपके रेषेच्या वर. चेन लॅडरला याचा पत्ता लागूच शकत नाही कारण त्याच्याकडे तिरका अक्षच नाही, तो ते सगळं शेवटच्या वर्षांच्या आकाराच्या माथी मारतो आणि मग फॅक्टरने फुगवतो.

मला आधी महागाई वाटली. तसं लिहून टाकणारच होतो, पण म्हटलं एकदा क्लेम डिपार्टमेंटला विचारून घ्यावं. तिथल्या मॅडम हसल्याच, "अहो, दीड वर्षापासून छोटे क्लेम आम्ही वेगळ्या टेबलवर काढलेत. कागद पूर्ण असतील तर लगेच चेक. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?" नाही सांगितलं. महागाई असती तर रिझर्व्ह वाढला असता, आणि हे नुसतं लवकर देणं आहे, म्हणजे रिझर्व्ह उलट कमी व्हायला हवा. ठिपके दोन्ही वेळी तेच, अर्थ मात्र पूर्ण विरुद्ध. आठवडाभर मॉडेल मॉडेल करत होतो आणि दहा मिनिटांच्या फोनने जे कळलं ते कुठल्याच मॉडेलला कळलं नसतं.

त्यावरचा इलाज जुना आहे, बर्क्विस्ट आणि शर्मन, १९७७. प्रत्येक सेलमधे किती टक्के क्लेम बंद झाले ते बघायचं आणि जुने डायगोनल आजच्या वेगाला आणून पेड ट्रायँगल पुन्हा बांधायचा. बांधला. शेवटच्या दोन वर्षांचा फुगवटा बराच खाली आला. पूर्ण गेला नाही, उरलेल्यात थोडी खरी महागाई असेलही.

२७ जून

मशीन लर्निंगची कथा. ज्युनिअरने क्लेम लेव्हलवर ग्रेडियंट बूस्टिंग लावलं आणि हिंडकास्टमधे (मागे जाऊन घेतलेल्या परीक्षेत) चूक इतकी कमी आली की तो प्रिंट काढून सगळ्यांना दाखवत होता. मला शंका आली कारण एवढं बरोबर काहीच येत नसतं. फीचरची यादी बघितली, त्यात "क्लेम स्टेटस" होतं, बंद की चालू. डेटाबेस तीन वर्षांपूर्वीच्या व्हॅल्युएशन डेटला कापला होता खरा, पण तो स्टेटस कॉलम आजचा होता. म्हणजे मॉडेलला तीन वर्षांपूर्वी उभं राहून पुढे कुठला क्लेम बंद होणार ते दिसत होतं. पेपर फुटलेला आणि वर पैकीच्या पैकी मार्क.

त्या तारखेचे स्नॅपशॉट मागवले, सगळे नाहीत, जेवढे मिळाले त्यावर पुन्हा चालवलं. आता ते केप कॉडच्या थोडं मागेच. त्याचा हिरमोड झाला पण मी म्हटलं अरे ही चूक मोठ्या मोठ्या लोकांची होते, तू एका दिवसात पकडू दिलीस हेच खूप. शिवाय जे क्लेम अजून रिपोर्टच झाले नाहीत त्यांची ओळच डेटाबेसमधे नसते, त्यांच्यासाठी वेगळं मॉडेल लागणारच होतं. सध्या बाजूला ठेवलंय.

३ जुलै

बूटस्ट्रॅप. पियर्सन रेसिड्युअल काढायचे, म्हणजे खरा वजा फिटेड, भागिले फिटेडचं वर्गमूळ. ते पत्त्यांसारखे पिसून नवीन ट्रायँगल बनवायचा, त्यावर चेन लॅडर, शेवटी प्रोसेस व्हेरियन्सचा (प्रत्यक्ष आकड्यांतल्या योगायोगाच्या चढउताराचा) गोंधळ वरून टाकायचा, आणि हे दहा हजार वेळा.

दोन बारीक गोष्टी ज्या मी विसरतो म्हणून लिहून ठेवतोय. पहिली, वरच्या उजव्या आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातले रेसिड्युअल बांधणीमुळेच शून्य असतात, ते पिसण्यात घेतले तर रेंज उगीच आक्रसते. दुसरी, डिग्रीज ऑफ फ्रीडमचं करेक्शन, दहा बाय दहाला ५५ भागिले ३६ चं वर्गमूळ, साधारण १.२४. हे विसरलं की रेंज पाचव्या हिश्श्याने अरुंद आणि कोणाच्या लक्षातही येत नाही कारण मधला आकडा बरोबरच असतो.

आरएएच्या रेसिड्युअलमधे एक शिकायला मिळालं. मी त्या १०६ वर डोळे लावून होतो, त्याचा फिटेड आकडा साधारण १,८९० आणि रेसिड्युअल उणे ४१. पण १९८५ ची ओळ सहाव्या कॉलमला २५,९५५ वरून फक्त २६,१८० वर जाते, २२५ ची भर जिथे जवळपास २,६७० अपेक्षित होती, तिथे उणे ४७. आणि १९८२ चाच चौथा कॉलम, ५,३९६ वरून १०,६६६, तिथे अधिक ५६. रेशोच्या चष्म्यातून जे भयानक दिसतं ते पैशाच्या चष्म्यातून दिसेलच असं नाही, आणि उलटही.

आपल्या डेटावर पहिल्या दोन कॉलमचे रेसिड्युअल नंतरच्यांपेक्षा खूपच जास्त पसरलेत. सगळे एकाच पिशवीत पिसले तर जुन्या स्थिर वर्षांना तरुण वर्षांची लहर चिकटते. म्हणून कॉलमांचे दोन गट आणि प्रत्येकाचं स्केल वेगळं. याहून जास्त गट नाही करणार, तेवढा डेटा नाही.

८ जुलै

हिंडकास्ट पूर्ण, पाच डायगोनल मागे. दुरुस्त केलेल्या पेडवर आणि इन्कर्डवर चेन लॅडर, केप कॉड, आणि प्रायसिंगच्या लॉस रेशोवरचं बीएफ. जुन्या वर्षांना तिघे जवळपास एकच सांगतात, तिथे वाद घालणं म्हणजे वेळ घालवणं. सगळा फरक सर्वात नव्या तीन अपघात वर्षांत. तिथे चेन लॅडर एका वर्षी छताला तर दुसऱ्या वर्षी तळाला, आणि पाचपैकी चार वेळा केप कॉड जवळ. प्रायसिंगवालं बीएफ पाचही वेळा कमी सांगतं. नुसतं चुकत नाही, एकाच बाजूला चुकतं, हे त्यांना कसं सांगायचं ते बॉसवर सोडलं.

ज्या एका वेळी केप कॉड हरला ते वर्ष बघितलं. त्या वर्षी खरंच मोठे क्लेम लवकर आले होते आणि चेन लॅडरने ते लगेच पकडलं. तेव्हा केप कॉडचा हा दोष लिहून ठेवायला हवा, खरी वाईट बातमी आली तरी तो वर्षभर शांत बसतो.

१० जुलै

बॉससमोर मांडलं. जुन्या नऊ वर्षांना चेन लॅडर, नव्या तिघांना केप कॉड, रेंज बूटस्ट्रॅपमधून आणि मॅक शेजारी पडताळणीला. त्यांचा पहिला प्रश्न, "एकच मॉडेल का नाही?" मी पहिल्या कॉलमचा ठिपक्यांचा कागद पुढे केला, आपल्या डेटाचा. तिथेही रेष जवळजवळ आडवी. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले "बरं, आणि चौथ्या वर्षापासून?" चौथ्या वर्षापासून ठिपके शून्यातून जाणाऱ्या रेषेवर बऱ्यापैकी बसतात, म्हणून तिथे चेन लॅडर. तीन हा आकडा कुठून आला हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं रिपोर्ट दिले पण एक कागद एवढं काम करतो हे पहिल्यांदा बघितलं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे अजून अर्धंच आहे. बूटस्ट्रॅपची रेंज चेन लॅडरभोवती फिरते आणि नव्या वर्षांचा आमचा आकडा तर केप कॉडचा. रेंज उचलून नव्या आकड्याभोवती ठेवायची कशी? गुणून सरकवली तर टक्केवारी तीच राहते, म्हणजे आरएएसारखी दीडपट एरर जशीच्या तशी आपल्या गळ्यात. बेरजेने सरकवली तर रुंदी तीच राहते आणि रिझर्व्ह लहान असला तर खालचं टोक शून्याखाली जातं. दोन्ही लोक वापरतात. मी सध्या बूटस्ट्रॅपच्या प्रत्येक फेरीत केप कॉडच चालवतोय, म्हणजे पिसलेल्या ट्रायँगलमधून डेव्हलपमेंट टक्के नवे, लॉस रेशो नवा, सगळंच नवं. रेंज अरुंद येते आणि पटण्यासारखी आहे, पण ती अरुंद यायचं एक कारण असंही आहे की केप कॉड सगळ्या वर्षांचा लॉस रेशो एकच मानतो. वर्षावर्षातला खरा चढउतार त्यात नाही. तो वरून टाकावा लागेल आणि किती टाकायचा हे परत जजमेंट. फिरून तिथेच, फरक इतकाच की या वेळी नोंद आहे.

१५ जुलै

टेल. बाराव्या वर्षानंतर किती येणार? शेवटचा फॅक्टर एका रेशोवर उभा असतो, आरएएत १८,६६२ वरून १८,८३४, म्हणजे १.००९, आणि त्याच्या मागेपुढे काही नाही. वक्र बसवून १.०१ च्या आसपास धरलाय. यावर अजून आठवडा घालवता येईल पण नाही घालवणार.

१९ जुलै

स्क्रिप्ट गोठवली. एक्सेल वाचायला ठेवलंय, लिहायला नाही, त्यावरून दोघंजण नाराज आहेत.

तिमाही संपायच्या आधीच पुढच्या डायगोनलसाठी प्रत्येक अपघात वर्षाची अपेक्षित भर आणि तिची १० ते ९० पर्सेंटाइलची रेंज काढून फाइल सेव्ह केली आणि बॉसला मेल केली, म्हणजे नंतर "मला तर हेच वाटत होतं" म्हणायला मलाही जागा नको. बारापैकी दोन-तीन वर्षं रेंजबाहेर गेली तर ठीकच आहे, ८० टक्क्यांची रेंज तेवढ्यासाठीच असते. एकही बाहेर गेलं नाही तर मात्र रेंज फार ऐसपैस झाली का ते बघणार. आणि क्लेमच्या मॅडमना दर तिमाहीच्या पहिल्या सोमवारी फोन करायचा असं कॅलेंडरमधे टाकलंय, विषय: "काही नवीन टेबल वगैरे?"